पळस मोहरतो की फुलतो?

एका वाचक भगिनीने मैत्रिणीसाठी पळसाचे जलरंगातील चित्र काढले आणि त्याच्या मागे ‘मोहरलेला पळस, हस्तनिर्मित चित्र, सप्रेम भेट’ असे लिहून ते तिला दिले. चित्र पाहता पाहता दोघींच्या गप्पा फाल्गुन-चैत्रात फुलणाऱ्या झाडांकडे वळल्या आणि मैत्रिणीने हरकत घेतली की मोहर आंब्याला येतो, पळसाला नव्हे. तिचे म्हणणे बरोबर आहे का, आणि अशा वेळी ‘चित्र भेट दिले’ म्हणावे की ‘भेट दिली’, असे भगिनीने विचारले आहे.

मैत्रिणीचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे, मात्र मोहर एकट्या आंब्याचा नाही. काजूला मोहर येतो, जांभळाला येतो, आणि गुढीपाडव्याला गूळ, जिरे, चिंच यांच्याबरोबर जो वाटला जातो त्यालाही आपण कडुनिंबाचा मोहर म्हणतो. या झाडांची फुले इतकी बारीक आणि इतक्या दाट तुऱ्यांनी येतात की एकेक फूल कोणी वेगळे पाहत नाही, सगळा तुराच नजरेत भरतो. ‘मोहर’ हा शब्द संस्कृत ‘मुकुल’, म्हणजे कळी, यापासून प्राकृतातून आला असून हिंदीतला ‘मौर’ आणि गुजरातीतला ‘मोर’ हे त्याचेच सगेसोयरे आहेत. सोन्याच्या नाण्याची मोहर मात्र फारसीतून आलेली, वेगळ्या कुळातली आहे.

बारीक फुलांइतकेच महत्त्वाचे आणखी एक कारण मला वाटते. मोहर हा फळाची वाट पाहणाऱ्यांचा शब्द आहे. कोकणातला बागायतदार मोहर आला म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पुढचा सगळा हंगाम असतो. ढगाळ हवेने मोहर करपला, तुडतुड्यांनी खाल्ला, अवकाळी पावसाने गळाला, ही सारी बोलणी त्या चिंतेतून जन्मलेली आहेत. एका तुऱ्यावर शेकडो फुले असली तरी फळ धरते ते मोजक्याच फुलांना, म्हणून मोहर ‘टिकणे’ ही मोठी गोष्ट ठरते. कडुनिंबाच्याही निंबोळ्या गोळा केल्या जातात. पळसाच्या शेंगांतल्या बिया, म्हणजे पळसपापडी, औषधात वापरतात हे खरे. परंतु त्या शेंगांसाठी कोणी डोळे लावून बसत नाही. पळस आपण पाहतो तो फुलांसाठीच, आणि म्हणून पळस, पांगारा, काटेसावर यांच्याविषयी बोलताना मराठी माणूस सहजच ‘फुलला’ म्हणतो.

येथे गुलमोहराचे नाव पुढे करून कोणी शंका घेईल. मूळ मादागास्करच्या या झाडाच्या नावात ‘गुल’ म्हणजे फूल हा फारसी शब्द आहे, आणि त्याचा ‘मोहर’ आपल्याकडे इतका रुळला की जॅकरंडाला नीलमोहर आणि पेल्टोफोरमला सोनमोहर अशी नावे त्याच चालीवर पडली. असे असले तरी ‘गुलमोहराला मोहर आला’ असे मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. साताऱ्यात १ मे रोजी चित्रकार आणि कवी मंडळी गुलमोहर दिन साजरा करतात, तोही गुलमोहर फुलतो म्हणूनच. नावात मोहर आला तरी क्रियापद बदलले नाही, आणि भाषेची ही जाण मला फार मोलाची वाटते.

मग ‘बहरलेला पळस’ चालेल का? ‘बहर’ हा फारसी ‘बहार’, म्हणजे वसंत, यावरून आलेला शब्द असून फळबागांत त्याला नेमका अर्थ आहे. डाळिंब, पेरू, संत्रा, मोसंबी यांचे बागायतदार पाणी तोडून झाडांना ताण देतात आणि आंबे बहर, मृग बहर किंवा हस्त बहर यांपैकी एक ‘धरतात’. त्यातला आंबे बहर साधारण जानेवारी-फेब्रुवारीतला, म्हणजे आंबा मोहरण्याच्या सुमाराचा, म्हणून त्याला ते नाव मिळाले. बागेबाहेर मात्र बहरणे म्हणजे पानाफुलांनी भरून येणे. पळसावर फुले येतात तेव्हा पाने जवळजवळ उरलेली नसतात, काळपट उघड्या फांद्यांवर केशरी फुलांचीच गर्दी असते. त्यामुळे ‘बहरलेला’ चुकीचा नसला तरी त्या झाडाचे रूप तो नीट दाखवत नाही.

याहून उचित असा एक सुंदर शब्द अलीकडे लेखनात कमी दिसतो, तो म्हणजे ‘डवरणे’. फांदी न् फांदी फुलांनी झाकून गेली की झाड फुलांनी डवरले म्हणावे. ‘लगडणे’ मात्र जे लोंबते त्यासाठी, म्हणजे फळांसाठी किंवा बहाव्याच्या पिवळ्या घोसांसाठी, राखून ठेवावे. उसाचा तुरा, नारळाची पोय, केळीचे निसवणे हे ज्याचे त्याचे खास शब्द आहेत. काव्यात पळस मोहरला तर मी अडवणार नाही, कारण मनही मोहरतेच. चित्राच्या नावात मात्र ‘फुललेला पळस’ किंवा ‘डवरलेला पळस’ मला अधिक खरे वाटते.

‘हस्तनिर्मित’ हा शब्दही येथे अनावश्यक आहे. यंत्राने होऊ शकणारी वस्तू मुद्दाम हाताने केली की तसे सांगावे लागते, जसे हातमागाचे कापड, हातकागद, हातसडीचा तांदूळ. जलरंगातले चित्र हातानेच काढलेले असते. सांगायचे आहे ते स्वतः काढले आहे, आणि ते खाली केलेली सही सांगते. चित्र हातकागदावर काढले असेल, तर त्या कागदाचा उल्लेख अवश्य करावा.

राहिला व्याकरणाचा प्रश्न. ‘मी तिला चित्र भेट दिले’ यात क्रियापद ‘चित्र’ या नपुंसकलिंगी कर्माप्रमाणे चालते, तर ‘मी तिला चित्राची भेट दिली’ यात ते ‘भेट’ या स्त्रीलिंगी शब्दाप्रमाणे चालते. दोन्ही रचना शुद्ध आहेत. ‘चित्र भेट दिली’ ही सरमिसळ तेवढी टाळावी. ‘सप्रेम भेट’ जसे आहे तसे ठेवावे. मैत्रिणीला दिलेल्या चित्राला ‘आहेर’ म्हटले तर लग्नमुंजीतले देणेघेणे आठवते आणि ‘नजराणा’ म्हटले तर दरबार, मैत्रीत या दोहोंचे काम नाही.