फायबरच्या छोट्या बोटीच्या तळाला चीर आहे, सीझनआधी नुसती पुट्टी भरून रंग मारला तर चालेल का?

नाही चालणार, लाटांचे धक्के बसायला लागले की ती पुट्टी निघून येते. आधी बोट उलटी करा आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने सगळा तळ हळूहळू ठोकत जा, टणटणीत वाजलं तर ठीक, जिथे बद्द वाजेल तिथे आतले थर सुटलेत नाहीतर पाणी शिरलंय. मग चिरेच्या दोन्ही बाजूंनी उतार घासून काढायचा, जाडीच्या साधारण 12 पट लांब, आणि पूर्ण सुकू द्यायचं, इथेच घाई होते आणि ओल्यावर लावलेलं इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं चिकट रेझिन) नीट धरतच नाही. त्यावर इपॉक्सीत भिजवलेल्या काचेच्या कापडाचे थर द्यायचे. आणि हो, जुन्या पॉलिस्टरवर (बहुतेक फायबर बोटी याच रेझिनच्या असतात) इपॉक्सी छान बसतं पण उलटं नाही, इपॉक्सीवर पॉलिस्टर रेझिन नीट चिकटत नाही. घासताना मास्क लावाच, ती धूळ छातीत जाते.

आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) असेल तर गिअर ऑइल थोडं काढून बघा, दुधाळ दिसलं म्हणजे पाणी जातंय, सील बदलल्याशिवाय बोट पाण्यात घालू नका प्लीज. इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारं रबरी चक्र) पण नवीन टाका. इंजिन गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा झिंकचा अ‍ॅनोड अर्धा झिजला असेल तर तोही बदला.