‘तारण जाते’ हा प्रयोग बरोबर आहे का?

प्रश्न (सदर, नागपूर) : “जो क्षमा करत नाही त्याचे तारण जाते,” असे प्रवचनात ऐकले. बँकेतले तारण आणि हे तारण एकच का?

उत्तर : शब्द एकच, व्यवहार उलटा. सोनेतारणात वस्तू आपली असते, कर्ज थकले की ती जाते. ख्रिस्ती मराठीत तारण म्हणजे तारून नेणे. त्यात माणसाने गहाण ठेवलेले काहीच नाही. ‘कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे’ (बायबल, इफिस 2:8). म्हणून ‘तारण जाते’ म्हटले की उगाच जप्तीचा अर्थ मनात येतो.

प्रवचनातले ते वाक्य ज्या वचनावर बेतलेले दिसते, त्या मत्तय 6:15 मध्ये तारण हा शब्दच नाही. तुम्ही लोकांना क्षमा केली नाही, तर पिताही तुमच्या अपराधांची क्षमा करणार नाही, एवढेच तिथे आहे. पण हे ‘एवढेच’ फार जड आहे. मत्तय 18 मधल्या येशूच्या दृष्टांतात चाकराचे राजाला देणे दहा हजार तालांत होते. एका तालांताचे सुमारे 6,000 दिनार आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे 6 कोटी दिवसांचे काम! ते सगळे माफ झाले. मग त्याने सोबत्याला शंभर दिनारांसाठी तुरुंगात टाकले आणि राजाने त्याला दिलेली माफी फिरवली.

मग मिळालेली क्षमा खरेच जाते का? इथे पंथांचे मत फुटते. धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या (प्रेस्बिटेरियन) परंपरेत म्हणतात, असा माणूस मुळात क्षमा पावलेलाच नव्हता. वेस्लीच्या (मेथडिस्ट) परंपरेत मिळालेली कृपा हट्टाने गमावता येते. कॅथलिक शिकवणीत जाणूनबुजून जोपासलेला गंभीर द्वेष हे प्राणघातक पाप, पण पश्चात्ताप आणि पापनिवेदनाने (धर्मगुरूजवळ पाप कबूल करण्याने) परतीची वाट मोकळी राहते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरातच झाली. तिच्यात प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट दोन्ही धारा आल्या, त्यामुळे एकाच चर्चमध्ये दोन्ही उत्तरे ऐकू आली तर गोंधळू नका.

घोळ खरा होतो तो ‘क्षमा न करणे’ या शब्दांत. राग येणे, जखम दुखत राहणे, आठवणीने रडू येणे म्हणजे क्षमा नाकारणे नव्हे. मनात अढी बसते, ती सोडवायला वेळ लागतो. डूख धरणे मात्र वेगळे. त्यात माणूस सूडाची संधी शोधत असतो, आणि इशारा त्यालाच आहे. समेटही वेगळा : लूक 17:3 मध्ये समोरच्याचा पश्चात्ताप आहे, मार्क 11:25 मध्ये प्रार्थनेला उभे राहतानाच मनातले सोडायला सांगितले आहे, समोरचा हजर असो वा नसो. मारझोड करणाऱ्याला क्षमा केली म्हणून पोलिसांतली तक्रार मागे घ्यावी लागत नाही, की पुन्हा त्याच घरात राहावे लागत नाही.

तेव्हा प्रवचनात ‘क्षमा न करणाऱ्याला क्षमा मिळणार नाही’ असे म्हणावे. ते वचनाला धरून आहे. ‘तारण जाते’ हा त्यावरचा एका परंपरेचा निष्कर्ष आहे, आणि तो निष्कर्ष म्हणूनच सांगावा.