'आय वेन्ट' आणि 'आय हॅव गॉन' यांत नेमका फरक काय?

तुम्ही लिहिलंय की 'आय वेन्ट टू पुणे' आणि 'आय हॅव गॉन टू पुणे' या दोन्हींचं मराठी 'मी पुण्याला गेलो' असंच होतं, मग कुठं काय वापरायचं? शिवाय क्लासमध्ये 'क्रिया नुकतीच संपली असेल तर प्रेझेंट परफेक्ट' (म्हणजे 'हॅव' किंवा 'हॅज' लावून होणारा काळ) असा नियम दिलाय, आणि तो लावला की बँकेच्या सराव पेपरात निम्मी उत्तरं चुकतात.

मी सांगलीत इंग्रजी शिकवतो. तासगाव, विटा, कवठेमहांकाळकडून येणारी मुलं हाच प्रश्न घेऊन येतात. तुमचा अभ्यास कमी पडतोय असं अजिबात नाही. तो नियमच अपुरा आहे.

'नुकतीच' हा शब्द आधी डोक्यातून काढा. 'आय सॉ हिम टू मिनिट्स अगो' हे वाक्य बघा. दोन मिनिटांपूर्वीची गोष्ट, याहून नुकतं ते काय असणार? तरी तिथं साधा भूतकाळच लागतो. उलट 'द कृष्णा हॅज फ्लडेड सांगली मेनी टाइम्स' या वाक्यात 2005, 2019, 2021 चे पूर येतात, त्याच्या कितीतरी आधीचेही येतात, आणि तरी 'हॅज फ्लडेड' हेच बरोबर. घटना किती जुनी आहे यावर काळ ठरतच नाही. बोलणारा कुठं उभा राहून बोलतोय, यावर तो ठरतो. सिंपल पास्टमध्ये, म्हणजे साध्या भूतकाळात, तो मागं जाऊन त्या दिवसाबद्दल, त्या वेळेबद्दल बोलतो, आणि ती वेळ संपलेली असते. प्रेझेंट परफेक्टमध्ये तो आजच्या जागी उभा असतो आणि मागं घडलेल्या गोष्टीमुळं आज काय स्थिती आहे ते सांगतो. म्हणून प्रेझेंट परफेक्ट हा भूतकाळाचा प्रकार समजू नका. तो वर्तमानकाळ आहे.

पावसाळ्यात आपण रोज जी बातमी ऐकतो तीच घ्या. 'द गेट्स ऑफ द कोयना डॅम हॅव बीन ओपन्ड.' दरवाजे कधी उघडले हे यात नाही, कारण ऐकणाऱ्याला त्या क्षणी त्याचं काम नाही. त्याला कळायला हवं ते एवढंच की दरवाजे आत्ता उघडे आहेत, पाणी कराडला कृष्णेत मिसळून खाली येणार, आयर्विन पुलाजवळची पातळी चढणार आणि नदीकाठच्या घरांतलं सामान वर घ्यायला हवं. वाक्य मागच्या घटनेचं असलं तरी त्याचा सगळा रोख आजवर आहे. मग कोणीतरी विचारतं, कधी उघडले? त्याचं उत्तर मात्र 'दे वेअर ओपन्ड ॲट एट इन द मॉर्निंग'. 'हॅव बीन' गेलं, 'वेअर' आलं, कारण आता आपण सकाळी आठ या संपलेल्या वेळेबद्दल बोलतोय. इंग्रजी पेपरातल्या बातम्या या नजरेने वाचून बघा. पहिल्या ओळीत बऱ्याचदा 'हॅज' किंवा 'हॅव' असतं, आणि तपशील सुरू झाला की साधा भूतकाळ येतो.

यातून एक खरी कसोटी मिळते: वाक्यात 'कधी?' या प्रश्नाचं उत्तर आहे का? 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन 2019', 'अगो', 'व्हेन आय वॉज इन स्कूल' यांपैकी काही आलं की 'हॅव' लावायचंच नाही. वेळ सांगितली नसली तरी दोघांच्या मनात ती ठरलेली असू शकते. काल रात्री मॅच झाली हे दोघांनाही माहीत असेल तर 'डिड यू वॉच द मॅच?' असंच विचारतात. आणि 'व्हेन'ने प्रश्न सुरू झाला की 'डिड'. 'व्हेन हॅव यू पास्ड ट्वेल्थ?' असं मुलाखतीत कधीही म्हणू नका.

माणसांबद्दल बोलतानाही हेच. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हे इंग्रजीत सांगायचं तर 'खाशाबा जाधव वन अ ब्राँझ मेडल इन 1952'. आणि 1952 हा आकडा काढून टाकला तरी 'हॅज वन' होत नाही, कारण खाशाबा आज हयात नाहीत, त्यांच्या कामगिरीत आता भर पडणार नाही. स्मृती मानधनाबद्दल मात्र 'शी हॅज स्कोअर्ड टेस्ट हंड्रेड्स' म्हणता येतं. ती खेळतेय, खातं उघडं आहे. पण तिचं पहिलं कसोटी शतक 2021 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध झालं हे सांगताना लगेच 'शी स्कोअर्ड हर फर्स्ट टेस्ट हंड्रेड इन 2021'. माणूस तोच, खेळ तोच, आणि एका साल-आकड्याने काळ बदलला.

आता तुमचं पुणे. इथं एक जास्तीची गुंतागुंत आहे आणि पुस्तकात ती बहुधा शेवटच्या पानावर असते. 'ही हॅज गॉन टू पुणे' म्हणजे तो पुण्याला गेलाय, आत्ता इथं नाही. 'ही हॅज बीन टू पुणे' म्हणजे तो पुण्याला जाऊन आलेला आहे. म्हणून स्वतःबद्दल 'आय हॅव गॉन टू पुणे' हे समोर बसून म्हणणं विचित्र होतं. तुम्ही गेलायत तर इथं कसे? जाऊन आलो हे सांगायचं असेल तर 'आय हॅव बीन टू पुणे', आणि रविवारी गेलो होतो हे सांगायचं असेल तर 'आय वेन्ट टू पुणे ऑन संडे'. संभाषणात ही दोन्ही रूपं एकामागोमाग येतात: 'हॅव यू एव्हर बीन टू कास?' 'येस, आय हॅव.' 'व्हेन डिड यू गो?' 'आय वेन्ट लास्ट सप्टेंबर.' अनुभव आहे का हे आधी विचारलं, तो कधीचा हे नंतर. दुसऱ्या प्रश्नापासून 'हॅव' परत येत नाही.

मराठीतून भाषांतर केलं की चूक का होते, हे जरा नीट बघा, कारण बहुतेक मार्क इथंच जातात. आपण सहज म्हणतो, 'मी कालच फॉर्म भरलाय.' मराठीत 'काल' आणि 'भरलाय' शेजारी बसतात, कानाला काहीच खटकत नाही. इंग्रजीत 'आय हॅव फिल्ड द फॉर्म यस्टरडे' चालत नाही. 'यस्टरडे' ठेवायचं तर 'फिल्ड', नाहीतर 'यस्टरडे' काढा. याच्या उलटही होतं. चावी सापडत नाही तेव्हा आपण 'अरे, चावी हरवली!' म्हणतो, म्हणजे मराठीत साधा भूतकाळ. इंग्रजीत 'आय हॅव लॉस्ट माय की', कारण ती अजून सापडलेली नाही. 'अजून जेवलो नाही' हेही तसंच: 'आय हॅवन्ट ईटन येट'.

सगळ्यात जास्त फसवतं ते 'पासून'. 'मी 2018 पासून साताऱ्यात राहतो' हा मराठीत चक्क साधा वर्तमानकाळ. म्हणून मुलं 'आय लिव्ह इन सातारा सिन्स 2018' लिहितात. इंग्रजीत तेव्हापासून आजपर्यंत ताणलेली गोष्ट 'आय हॅव लिव्ह्ड इन सातारा सिन्स 2018' अशी सांगतात. 2018 हे साल दिसतंय म्हणून गोंधळू नका. 'इन 2018' म्हणजे ते साल, संपलेलं. 'सिन्स 2018' म्हणजे तिथून आजपर्यंत. कासचं पठार 2012 मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हा 'कास वॉज ॲडेड टू द लिस्ट इन 2012', आणि 'कास हॅज बीन ऑन द लिस्ट सिन्स 2012'. ही जोडी पाठ करण्यासारखी आहे. शिवाय मराठीत '2018 पासून' आणि 'पाच वर्षांपासून' सारखंच दिसतं. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स', कालावधी असेल तर 'फॉर'.

बँकेच्या मुलाखतीला जाणार आहात म्हणून हे खास सांगतो. 'आय वर्क्ड इन अ पतसंस्था फॉर थ्री इयर्स' म्हटलंत की समोरचा समजतो, नोकरी सुटलेली आहे. तुम्ही अजून तिथंच असाल तर 'आय हॅव वर्क्ड' किंवा 'आय हॅव बीन वर्किंग' म्हणा. इथं व्याकरणाचा एक मार्क जात नाही, तुमच्याबद्दलची माहितीच चुकीची पोचते.

'टुडे', 'धिस मॉर्निंग', 'धिस वीक' हे शब्द दोन्हीकडं जातात. सकाळी दहाला 'हॅव यू टेकन युवर टॅब्लेट धिस मॉर्निंग?' आणि दुपारी चारला 'डिड यू टेक युवर टॅब्लेट धिस मॉर्निंग?' सकाळ संपली की काळ बदलला.

रूपांबद्दल थोडक्यात: 'हॅव'नंतर क्रियापदाचं तिसरं रूप, 'डिड'नंतर पहिलं ('गो, वेन्ट, गॉन' यांत 'गॉन' तिसरं, 'गो' पहिलं). 'आय हॅव वेन्ट' आणि 'डिड यू वेन्ट' दोन्ही चूक.

अमेरिकन मालिका बघत असाल तर 'आय ऑलरेडी एट', 'डिड यू ईट येट?' अशी वाक्यं कानावर पडतील आणि वरचं सगळं खोटं वाटेल. अमेरिकन बोलण्यात 'ऑलरेडी', 'येट', 'जस्ट' यांच्यासोबत साधा भूतकाळ सर्रास चालतो. आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश पद्धतीची आहेत, म्हणून पेपरात 'ऑलरेडी', 'येट', 'जस्ट' दिसलं की 'हॅव' किंवा 'हॅज' असलेला पर्याय निवडा.