भाऊ वनरक्षक झालाय, वणवा विझवणं त्याच्या तब्येतीला झेपेल का?

धाकटा भाऊ वनरक्षक भरतीत लागलाय, ५ किलोमीटर सहज पळतो, मग वणव्याचं काम त्याला जड का जावं, असं तुम्ही विचारलंय. मी वनखात्यातून निवृत्त झालो, आता नागपुरात असतो. नोकरीचे बरेच उन्हाळे पेंचच्या बाजूला सागाच्या जंगलात काढले.

दम हवाच, पण वणव्यात माणूस दम लागून पडत नाही, तापून पडतो. आपल्याकडे आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात. कुणीतरी मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतो आणि ती आग दुपारच्या वाऱ्यानं सुटते. पारा ४३-४४ वर, पाठीवर पाला उडवायचा दहाएक किलोचा ब्लोअर, पुढे जाळ. त्यात राबणारं शरीर जेवढी ताकद खर्च करतं, तिचा पाऊण हिस्सा नुसती उष्णता होऊन अंगातच साठतो. बाहेर पडायला वाट एकच, घाम. तासाला लिटरभर सहज जातो, कधी त्याहून जास्त.

मग भरपूर पाणी प्यावं, असं सगळेच सांगतात. आमच्या एका वनमजुरानं तेच केलं, सकाळपासून पाण्याच्या बाटल्याच्या बाटल्या रिचवल्या. दुपारी जाळरेषेवरच, म्हणजे आग अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्यावरच, बसला. म्हणाला, "साहेब, पाणी तं पोटात डुचमळून राह्यलं, पण डोकं गरगरते." घामावाटे मीठ गेलेलं आणि वरून नुसतं पाणी, त्यानं रक्तातलं मीठ आणखी पातळ झालेलं. तेव्हापासून एका कॅनमध्ये मीठ-साखर घातलेलं कैरीचं पन्हं न्यायचो.

धुराचं वेगळंच. आपण नागपूरकर ऊन असो की धूळ, तोंडाला दुपट्टा बांधून मोकळे होतो. तो ओला केला तरी कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. हा वायू रक्तातली ऑक्सिजनची जागा बळकावतो, आणि मोकळ्या हवेत आल्यावरही निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात. डोकं ठणकतं ते ठीक, निर्णय चुकतात ते वाईट. वारा फिरलाय हे दिसतं, पण पाय मागे घ्यायचं सुचत नाही. म्हणून एकट्यानं कधी आगीच्या बाजूला जाऊ नये.

भाऊ असंबद्ध बोलू लागला किंवा चालताना झोकांड्या खाऊ लागला, तर घाम येतोय म्हणून निश्चिंत राहू नका. श्रमानं आलेल्या उष्माघातात घाम सुरूच असू शकतो. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, मग गाडी बघायची. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी दवाखाना. स्नायू तुटून त्यांचा कचरा मूत्रपिंडात अडकतो.

तयारी म्हणाल तर नुसतं पहाटेचं पळणं पुरत नाही. फेब्रुवारीपासून पूर्ण गणवेशात उन्हात चालू द्या, आधी अर्धा तास, मग वाढवत. शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, आणि महिनाभर सुटीवर गेला की पुन्हा पहिल्यापासून. आतून सुती बनियनच. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. आणि घरी आला की काजळी लागलेले कपडे अंगणातच उतरवायला सांगा. आग विझवण्याचं काम २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं कर्करोगकारक ठरवलंय, आणि आमच्या घरी मात्र ते कपडे कित्येक वर्षं पोरांच्या शाळेच्या गणवेशासोबत एकाच बादलीत भिजत होते.