क्रोम प्लेटिंगच्या (धातूवर क्रोमचा मुलामा देण्याच्या) टाकीवर नवीन लागलायस? आधी नाक सांभाळ

टाकीतले बुडबुडे फुटताना जो बारीक तुषार उडतो ना, त्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, असतं. नाकात सारखी खपली धरते, घोळणा फुटतो, तर 'उष्णता झाली असेल' म्हणून काणाडोळा करू नकोस. पुढे नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडतं, तेही बहुधा न दुखता. क्रोममुळे हातावर होणारी जखम तशीच: छोटी, गोल, खोल, कडा उचललेली. चिरलेलं बोट घेऊन टाकीजवळ जाऊच नकोस. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका मात्र कित्येक वर्षांनी उघड होतो. कापडी मास्क म्हणजे निव्वळ मनाचं समाधान. टाकीच्या कडेचा, तुषार ओढून घेणारा एक्झॉस्ट बंद असेल तर सरळ सुपरवायझरला सांग, तो चिडला तरी चालेल. आणि कामाचे कपडे घरी नेऊ नकोस.