वाचकांचे प्रश्न : आपत्कालीन विभागातली प्रतीक्षा नेमकी मोजायची कशी?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रे एकाच विषयावरची होती. त्यांपैकी पहिल्या पत्रातला प्रश्न वरकरणी साधा, पण उत्तराला सर्वांत जास्त जागा मागणारा आहे, म्हणून त्याच्यासाठी ती मोकळ्या हाताने दिली आहे.

प्रश्न : गेल्या महिन्यात वडिलांना घेऊन एका मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात गेलो होतो. तिथल्या फलकावर ‘सरासरी प्रतीक्षा ५० मिनिटे’ असे लिहिलेले होते. आम्हाला डॉक्टर भेटेपर्यंत सव्वातीन तास गेले. शेजारी बसलेल्यांना विचारले, तर त्यांतल्या बहुतेकांचेही दोन तास उलटून गेलेले होते. मग हा ५० मिनिटांचा आकडा आला कुठून? तो सरळसरळ खोटा असतो का?

उत्तर : खोटा असेलच असे नाही. तो आकडा आणि आपला अनुभव, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात, आणि ते कसे हे समजले की अशा फलकांकडे पाहण्याची नजरच बदलते.

एक काल्पनिक पाळी घेऊ. तिच्यात दहा रुग्ण आले आणि डॉक्टरांनी तपासेपर्यंत त्यांना अनुक्रमे ८, १०, १२, १५, १५, २०, २०, २५, ३० आणि ३४५ मिनिटे थांबावे लागले. बेरीज ५००, म्हणून सरासरी ५० मिनिटे. पण या दहांपैकी ५० मिनिटांच्या जवळपास थांबलेला एकही रुग्ण नाही. नऊ जण अर्ध्या तासात किंवा त्याआधीच आत गेले आणि एकटा पावणेसहा तास बसून राहिला. चढत्या क्रमात मधोमध येणारा आकडा, म्हणजे शाळेत शिकलेला मध्यक, येथे साडेसतरा मिनिटे भरतो. निम्म्या रुग्णांचे काय झाले ते मध्यक प्रामाणिकपणे सांगतो, परंतु त्या एका रुग्णाविषयी तो अवाक्षर काढत नाही. त्यामुळे मध्यकासोबत नव्वदावा किंवा पंचाण्णवावा पर्सेंटाइलही द्यावा लागतो, म्हणजे दर शंभरांपैकी नव्वद किंवा पंचाण्णव रुग्ण किती वेळाच्या आत आत गेले, तो आकडा. ज्या अहवालात नुसती सरासरी आहे, त्या अहवालावर मी स्वतः फारसा विसंबत नाही.

आता शेजाऱ्यांच्या उत्तरांकडे वळू. वरच्या उदाहरणात प्रतीक्षाकक्षात एकूण ५०० रुग्ण-मिनिटे खर्च झाली आणि त्यांपैकी ३४५ मिनिटे, म्हणजे ६९ टक्के, एकाच रुग्णाची होती. आपण कोणत्याही क्षणी त्या खोलीत डोकावलात, तर बाकावर तोच दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण बारा मिनिटांत आत गेलेला रुग्ण आपल्याला भेटायला तिथे उरलेलाच नसतो. प्रतीक्षाकक्षात बसलेल्यांना विचारून काढलेला अंदाज अशा रीतीने नेहमीच मोठ्या प्रतीक्षेकडे झुकतो. त्यात गर्दीच्या वेळी आलेले रुग्ण संख्येने अधिक असतात, त्यामुळे विभाग दिवसाचे बरेच तास निवांत असला तरी बहुसंख्य रुग्णांच्या वाट्याला गर्दीच येते. चोवीस तासांच्या चोवीस सरासऱ्या काढून त्यांची पुन्हा सरासरी घेणारा कारकून हे वास्तव नकळत पुसून टाकतो.

याहून गंभीर उणीव अशी की, फलकावरच्या सरासरीत सहसा फक्त संपलेली प्रतीक्षा मोजली जाते. तीन तास बसूनही ज्यांचा नंबर लागलेला नाही, त्यांची प्रतीक्षा अजून पूर्ण झालेली नसल्यामुळे हिशेबात तिची नोंदच नसते. गर्दी वाढत असते तेव्हा असे ताटकळलेले रुग्ण वाढत जातात आणि आकडा मात्र तासाभरापूर्वी सुखरूप आत गेलेल्यांचाच राहतो. अपूर्ण निरीक्षणे हिशेबात कशी धरावीत याची पद्धत कॅप्लान आणि मायर या दोघांनी १९५८ मध्येच मांडली. वैद्यकीय संशोधनात ती रोजच्या वापरातली झाली आहे, परंतु प्रतीक्षेच्या फलकापर्यंत ती क्वचितच पोहोचते.

कंटाळून निघून गेलेल्यांचे तसेच. डॉक्टरांची भेट न होताच परतलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर तपासणीची वेळच नसते, म्हणून तो सरासरीतून आपोआप गळतो, आणि जितके जास्त लोक कंटाळून जातील तितका आकडा चांगला दिसू लागतो. त्यांची टक्केवारी स्वतंत्रपणे दाखवणे हाच त्यावर उपाय आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात न भेटता निघून गेलेल्यांचा धोका वाढलेला आढळला नाही. उलट, विभागातला सरासरी मुक्काम लांबलेल्या पाळीत येऊन, तपासणी होऊन घरी पाठवलेल्या रुग्णांमध्ये पुढच्या सात दिवसांतल्या मृत्यूचे आणि भरती होण्याचे प्रमाण अधिक होते. म्हणजे गर्दीची झळ फक्त बाकावर बसलेल्यांना लागते असे नाही, आत जाऊन आलेल्यांनाही ती लागते.

राहता राहिला घड्याळाचा प्रश्न, आणि माझ्या मते मूळ मेख तिथेच आहे. प्रतीक्षा सुरू केव्हा झाली? रुग्णाने दारात पाऊल टाकले तेव्हा, खिडकीवर नाव नोंदवले तेव्हा, की परिचारिकेने प्राथमिक तपासणी करून निकडीचा दर्जा ठरवला तेव्हा? नाव नोंदवण्याच्या रांगेतच पंचवीस मिनिटे गेली असतील, तर नोंदणीपासून सुरू होणारे घड्याळ ती गिळून टाकते. रुग्णवाहिका बाहेर उभी राहिली तर तो काळ कोणाच्या खात्यात धरायचा, यावर इंग्लंडमध्ये लेखी नियमच आहे : रुग्ण विभागाच्या ताब्यात दिला तो क्षण किंवा रुग्णवाहिका पोहोचल्यानंतरची १५ मिनिटे, यांपैकी जे आधी येईल तिथे घड्याळ सुरू होते. शेवटाचेही असेच आहे. परिचारिकेच्या पहिल्या भेटीला प्रतीक्षेचा अंत मानणारा फलक, डॉक्टरांच्या भेटीला अंत मानणारा फलक आणि विभाग सोडून जाण्याला अंत मानणारा फलक हे तिन्ही ‘प्रतीक्षा’ हाच शब्द वापरतात. आपल्याला दिसलेल्या ५० मिनिटांखाली आरंभ आणि अंत लिहिलेला नसेल, तर त्या आकड्याचा अर्थ लावणे कोणालाही शक्य नाही.

प्रश्न : मी रुग्णालय व्यवस्थापनाची विद्यार्थिनी आहे. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागासाठी चार तासांचे उद्दिष्ट ठरवलेले आहे, असे वाचले. अशा उद्दिष्टाने प्रतीक्षा खरोखर कमी होते, की केवळ कागदावरचे आकडे सुधारतात?

उत्तर : दोन्ही होते, आणि ते एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे वेगळे काढणे अवघड जाते. इंग्लंडमध्ये २००४ मध्ये ९८ टक्के रुग्णांनी चार तासांच्या आत विभाग सोडलेला असावा, म्हणजे घरी गेलेले, भरती झालेले किंवा दुसरीकडे हलवलेले असावे, असे ठरले. २०१० मध्ये हे प्रमाण ९५ टक्क्यांवर आणले गेले आणि देशपातळीवर ते शेवटचे गाठले गेले २०१५ च्या जुलैमध्ये. न्यूझीलंडने २००९ मध्ये सहा तासांचे, तर ऑस्ट्रेलियाने २०१२ पासून चार तासांचे उद्दिष्ट स्वीकारले. सुरुवातीच्या वर्षांत इंग्लंडमधला लांबलचक मुक्काम खरोखरच घटला, कारण वॉर्डात खाट मिळवून देणे ही केवळ आपत्कालीन विभागाची नव्हे, तर सगळ्या रुग्णालयाची जबाबदारी ठरली.

परंतु त्या काळातल्या नोंदींचा आलेख काढला की चार तासांच्या अगदी अलीकडे एक उंच सुळका दिसतो. शेवटच्या वीस मिनिटांत विभाग सोडणाऱ्यांची संख्या एकाएकी फुगते. आजार घड्याळ पाहून बरे होत नाहीत, तेव्हा तो सुळका वैद्यकीय कारणांचा नव्हे, उद्दिष्टाचा आहे हे उघड आहे. चार तास उलटून गेलेल्या रुग्णाचे गणित तर याहून विचित्र होते : तो एकदा ‘चुकलेल्या’ रकान्यात गेला की पाच तास थांबला काय आणि अकरा तास थांबला काय, आकड्यात फरक पडत नाही. शेजारच्या निरीक्षण कक्षात रुग्णाला हलवले की घड्याळ थांबते, ही आणखी एक पळवाट. मोजमापालाच उद्दिष्ट केले की ते चांगले मोजमाप राहत नाही, हे तत्त्व चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाच्या नावाने ओळखले जाते. १९७५ मध्ये त्यांनी ते मांडले ते पतधोरणाच्या संदर्भात, पण प्रतीक्षाकक्षालाही ते चपखल बसते. मिड स्टॅफर्डशायर इथल्या रुग्णालयातील हेळसांडीची चौकशी रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखाली झाली आणि तिच्या २०१३ च्या अहवालात, उद्दिष्टे आणि हिशेब सांभाळण्याच्या नादात रुग्णांकडे दुर्लक्ष झाल्याचे नोंदवले गेले.

म्हणून उद्दिष्टच नको, असे म्हणणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. इंग्लंडमधल्या भरती झालेल्या रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की, आल्यापासून सहा ते आठ तासांपर्यंत वॉर्डातली खाट न मिळालेल्या दर ८२ रुग्णांमागे एक जास्तीचा मृत्यू होतो. विलंबाची किंमत इतकी असेल, तर तो मोजायलाच हवा. दोष आहे तो एकाच रेषेवर सगळे तोलण्यात. आपण प्रकल्प करणार असाल, तर इंग्लंडमधल्या बारा तासांहून जास्त थांबलेल्या रुग्णांच्या मोजमापाचा इतिहास जरूर तपासा. बराच काळ ते घड्याळ ‘भरती करण्याचा निर्णय झाला’ त्या क्षणापासून चालत असे, त्यामुळे निर्णयच आठ तासांनी झाला तर ते आठ तास कुठेच दिसत नसत. आगमनापासून मोजलेले आकडे २०२३ पासून दरमहा प्रसिद्ध होऊ लागले, आणि ते आधीच्या आकड्यांपेक्षा कितीतरी मोठे निघाले. रुग्ण तेच, खाटा त्याच, बदलला तो फक्त आरंभबिंदू.

प्रश्न : मी एका लहान रुग्णालयात आपत्कालीन विभागाची प्रमुख परिचारिका आहे. आमच्याकडे संगणक नाही, सगळे वहीत लिहितो. आम्हाला प्रतीक्षा मोजायची झाल्यास किमान काय लिहावे?

उत्तर : सिस्टर, पाच घटनांच्या वेळा लिहा : रुग्ण दारात आला, ट्रायाज (निकडीचा दर्जा ठरवणे) झाले, डॉक्टरांनी प्रथम तपासले, भरती की घरी याचा निर्णय झाला, आणि रुग्णाने विभाग सोडला. या पाच वेळांमधली चार अंतरे निरनिराळी दुखणी दाखवतात. पहिले लांबले तर दारात माणूस कमी आहे, दुसरे लांबले तर डॉक्टर कमी आहेत, आणि तिसरे लांबले तर बहुधा प्रयोगशाळा किंवा क्ष-किरण विभाग अडवतो आहे. चौथे लांबले तर वॉर्डात खाटा नाहीत, आणि त्याचा इलाज आपल्या विभागात कितीही शोधला तरी सापडणार नाही. एकूण मुक्कामाचा एकच आकडा लिहिला असता, तर यांतले काहीच कळले नसते.

सगळे रुग्ण एका ढिगात घालू नका. ऑस्ट्रेलेशियन ट्रायाज श्रेणीत पहिल्या दर्जाच्या रुग्णावर तत्काळ, दुसऱ्यावर १०, तिसऱ्यावर ३०, चौथ्यावर ६० आणि पाचव्यावर १२० मिनिटांच्या आत उपचार सुरू होणे अपेक्षित असते. पाय मुरगळलेल्या रुग्णाने तासभर थांबणे आणि छातीत दुखणाऱ्याने तासभर थांबणे यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही. छातीत दुखणाऱ्यासाठी तर दारापासून पहिल्या ईसीजीपर्यंतची वेळ वेगळी लिहा, ती १० मिनिटांच्या आत असायला हवी. मात्र त्याआधी भिंतीवरचे घड्याळ, ईसीजी यंत्राचे घड्याळ आणि मनगटांवरची घड्याळे एकदा जुळवून घ्या. ती जुळलेली नसली की ‘येण्याच्या चार मिनिटे आधी ईसीजी काढला’ अशा नोंदी वहीत दिसू लागतात.

वहीतल्या वेळा बहुतांशी ५ किंवा ० या अंकांनी संपत असतील, तर त्या घटना घडताना नव्हे, पाळीच्या शेवटी आठवून लिहिल्या गेल्या आहेत असे समजावे. त्यात कोणाचा दोष काढू नका, कारण हात रुग्णात गुंतलेले असताना पेन कोण उचलणार? पडताळा घेण्याची एक सोपी रीत मात्र आहे. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम सांगतो की, विभागात सरासरीने असणारी रुग्णसंख्या ही रुग्ण येण्याचा दर आणि सरासरी मुक्काम यांच्या गुणाकाराइतकी असते. तेव्हा एक आठवडाभर दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, विभागातली नुसती डोकी मोजा. समजा, दिवसाला ४८ रुग्ण येतात, म्हणजे ताशी २, आणि मोजलेल्या डोक्यांची सरासरी ७ भरली, तर सरासरी मुक्काम साडेतीन तासांचा असला पाहिजे. वही मात्र दोन तास सांगत असेल, तर आगमनाची वेळ कोण, कुठे आणि केव्हा लिहितो ते आधी पाहा. बहुतेक वेळा उरलेला दीड तास तिथेच सापडतो.