मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ६ महिन्यांनी वडिलांचा डोळा सारखा लाल होतोय, स्टेरॉइड ड्रॉप्स टाकले की बरा आणि बंद केले की परत धूसर. हे इन्फेक्शन असू शकतं का?

हो, असू शकतं, आणि तुम्ही सांगताय तो पॅटर्न ऐकून मला आधी क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेसच आठवलं. हा आपल्या त्वचेवर राहणारा अगदी संथ जिवाणू, ऑपरेशनच्या वेळी आत गेला तर कृत्रिम लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवतात तिच्यात लपून बसतो आणि काही महिन्यांनी त्रास देतो. दुखणं फारसं नसतं, म्हणून बरेचदा नुसती युव्हायटिसची (डोळ्याच्या आतली) सूज समजून स्टेरॉइड चालू राहतात, आणि वयस्कर माणसं पण "वयामुळे कमी दिसतंय" म्हणून गप्प बसतात, हेच मला फार वाईट वाटतं.

रेटिना स्पेशालिस्टकडे न्या. बाहुली मोठी करून पिशवीवर पांढरा थर दिसतोय का ते बघतात, मग डोळ्यातल्या पाण्याचं सँपल घेतात. कल्चर (सँपलमधले जिवाणू लॅबमध्ये वाढवून बघणं) २-३ दिवसांत निगेटिव्ह आलं म्हणून सोडून देऊ नका, हा जिवाणू वाढायला १०-१४ दिवस लागू शकतात, लॅबला प्लेट तेवढे दिवस ठेवायला आणि ऑक्सिजनशिवाय वाढवायला सांगावं लागतं. पीसीआरची (जिवाणूचा डीएनए शोधणारी तपासणी) सोय असेल तर उत्तमच.

उपचार म्हणजे डोळ्याच्या आत व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन, पण नुसत्या इंजेक्शनने बरेचदा परत उलटतं, मग व्हिट्रेक्टॉमी (डोळ्यातला जेलीसारखा भाग काढायचं ऑपरेशन) करून पिशवीचा तो भाग काढतात, कधी लेन्सही काढावी लागते.

ड्रॉप्स स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि अचानक जोरात दुखायला लागलं किंवा नजर झपकन कमी झाली तर त्याच दिवशी दाखवा.